ह्यूस्टन हॉबी, 9 जून 2016: तिसरा गो-अराउंड

छोट्या विमानांच्या लँडिंग अपघातांचे अहवाल वाचताना बहुतेक जण आधी शेवटचं पान उघडतात. तिथे लिहिलेलं असतं: वेग कमी पडला, स्टॉल झाला (पंखांची उचल तुटली), पायलटची चूक. वाचणारा मान हलवतो आणि पुढच्या अहवालाकडे वळतो. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात, हॉबी विमानतळाच्या अगदी जवळ, 9 जून 2016 रोजी दुपारी एक वाजून गेल्यावर पडलेल्या सिरस एसआर-20 विमानाचं शेवटचं पानही असंच आहे. तरीही नव्या पायलटांना एकच प्रकरण नीट वाचायला द्यायचं झालं तर मी हेच देतो, कारण यातला खरा मजकूर शेवटच्या पानाआधीच्या पाव तासात आहे. त्या पाव तासात विमान धडधाकट होतं, हवा स्वच्छ होती, कंट्रोल टॉवरवरचे लोक मदत करायला बघत होते आणि पायलट सांगितलेलं सगळं ऐकत होती.

विमानात तिघे होते, एकाच कुटुंबातले. ओक्लाहोमातल्या नॉर्मनहून निघून ते ह्यूस्टनला रुग्णालयातल्या नातेवाइकाला भेटायला चालले होते. पायलट महिलेकडे खासगी परवाना होता आणि काही शे तासांचा अनुभव. म्हणजे अगदी नवखी नाही आणि मुरलेलीही नाही. जगातले बहुतेक हौशी पायलट याच पट्ट्यात असतात. एसआर-20 हे चार आसनी, एका इंजिनाचं, 200 अश्वशक्तीचं विमान. दिसायला देखणं, चालायला चपळ, अमेरिकेत घरगुती प्रवासासाठी लोकप्रिय. तपासात इंजिनात किंवा नियंत्रणांत अपघाताला कारण ठरेल असा बिघाड सापडला नाही.

हॉबी हे ह्यूस्टनचं जुनं विमानतळ, शहराच्या दक्षिण भागात. मोठी आंतरराष्ट्रीय रहदारी उत्तरेकडच्या दुसऱ्या विमानतळावर गेली, तरी हॉबी ओस पडलं नाही. साउथवेस्ट या विमान कंपनीचं ते मोठं केंद्र आहे आणि तिथे दिवसभर बोइंग 737 ची रांग लागलेली असते. अमेरिकेतली पद्धत अशी की अशा रांगेत चार आसनी खासगी विमानालाही जागा मिळते. शहराजवळ उतरता येतं, म्हणून लोक ती घेतातही. आपल्याकडे मुंबईच्या मुख्य विमानतळावर सुट्टीच्या दिवशी कुणी स्वतःचं चार आसनी विमान घेऊन उतरेल ही कल्पनाच करवत नाही, त्यामुळे ही सोय किती मोठी आहे आणि तिची किंमत काय, हे दोन्ही चटकन ध्यानात येत नाही.

किंमत वेगाच्या फरकात आहे. 737 फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या सरळ टप्प्यात, साधारण 135-140 नॉटने (तासाला तितके सागरी मैल) येते. एसआर-20 उतरताना शेवटच्या टप्प्यात 78 नॉटच्या आसपास असावं लागतं. एक्स्प्रेसवेवर शिवनेरीच्या पुढे मोपेड घालावी, तसा हा मामला. टॉवरवरच्या माणसाला मग दोनच गोष्टी करता येतात: मोपेडला पळायला सांगायचं किंवा बाजूला काढायचं. त्या दुपारी दोन्ही करून झालं.

पहिला प्रयत्न धावपट्टी 4 वर होता. मागून 737 येत होती, म्हणून सिरसला वेग टिकवून यायला सांगितलं गेलं. तरी अंतर कमी होत गेलं आणि कंट्रोलरने तिला गो-अराउंड करायला लावलं, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायला. यात तिचा काही दोष नव्हता. लगेच तिला विचारण्यात आलं की धावपट्टी 35 चालेल का. वाराही सांगितला: 090 दिशेकडून 13 नॉट, झोत 18 नॉटपर्यंत. तिने हो म्हटलं.

या होकारापाशी थोडं थांबायला हवं. धावपट्टी 35 म्हणजे जवळजवळ उत्तरेकडे तोंड करून उतरायचं, आणि वारा थेट पूर्वेचा. वारा आणि धावपट्टी यांच्यात साधारण 100 अंशांचा कोन पडतो. म्हणजे सगळा वारा आडवा, शिवाय नावापुरता का होईना, पाठीमागून. धावपट्टी 4 वर तोच वारा पुढच्या बाजूने, तिरका लागला असता. एसआर-20 ला एवढा आडवा वारा झेपतो, हँडबुकात दाखवलेल्या मर्यादेत तो बसतो. त्यामुळे कंट्रोलरचा प्रश्न गैर नव्हता आणि तिचं उत्तरही कागदावर चुकीचं नव्हतं. फक्त तिने घरून निघताना ज्या लँडिंगची तयारी केली असेल, ते हे लँडिंग नव्हतं.

पूर्वेचा वारा आणखी एक खोडी करतो. 35 साठी उजवं सर्किट (उतरण्याआधी धावपट्टीशेजारी घ्यायचा चौकोनी फेरा) घेतलं तर बेसचा, म्हणजे फायनलआधीचा आडवा टप्पा पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो, म्हणजे वारा बरोबर पाठीशी. हवेतला वेग 80 नॉट धरला आणि पाठीशी 15 नॉट वारा असेल, तर जमिनीवरून विमान 95 नॉटने सरकतं. अर्ध्या सागरी मैलाचा बेस एरवी साडेबावीस सेकंदांत होतो, तो एकोणीस सेकंदांत संपतो. गेलेल्या त्या साडेतीन सेकंदांत जी उंची उतरवायची होती ती तशीच शिल्लक राहते. फायनलवर वळलं की विमान उंच, शिवाय वाऱ्याने धावपट्टीच्या मध्यरेषेपलीकडे ढकललेलं. ज्याने आडव्या वाऱ्यात घट्ट सर्किट उडवलंय त्याला हे ओळखीचं आहे. यावर उपाय आहेत: लांब डाउनविंड (बेसआधीचा, धावपट्टीला समांतर टप्पा), आधी पॉवर कमी करणं, आधी फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) खाली घेणं. पण लांब डाउनविंड घ्यायला मोकळं आकाश लागतं, आणि तिथे दुसऱ्या धावपट्टीवर एकामागून एक 737 उतरत होत्या.

या वळणावळणात एका टप्प्यावर तिलाच नीट कळेना की आता बेसवर वळायचं आहे की नाही. तिने विचारलं. कंट्रोलरलाही विमान नेमकं कुठे चाललंय याचा अंदाज राहिला नव्हता. टॉवरचं ध्वनिमुद्रण ऐकलं तर सगळ्यात आधी जाणवते ती दोन्ही बाजूंची सभ्यता. कुणी आवाज चढवत नाही, कुणी कुणाला टोमणा मारत नाही. प्रत्येक सूचनेला तिचं उत्तर येतं, मान्य. त्यामुळेच ते ऐकताना जास्त अस्वस्थ व्हायला होतं.

35 वरचा पहिला प्रयत्न उंच राहिला. गो-अराउंड. दुसराही उंच राहिला. पुन्हा गो-अराउंड. एकूण हिशेबात हा तिसरा.

इथे शिकवणाऱ्यांच्या एका आवडत्या वाक्याशी माझं भांडण आहे. आपण सगळेच सांगतो की अ‍ॅप्रोच, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येणं, जमत नसेल तर गो-अराउंड करा, तो नेहमी तुमच्या हातात असतो, त्यात कमीपणा नाही. हे खरंच आहे, आणि त्या हिशेबाने तिने दोन्ही वेळा योग्य निर्णय घेतला. उंच असताना नाक खाली दाबून, वेग वाढवून कशीबशी धावपट्टी गाठणारे पायलट कमी नाहीत. तिने ते केलं नाही. पण आपण जे सांगत नाही ते हे, की गो-अराउंड हा निर्णय जितका सोपा आहे तितकी ती क्रिया सोपी नाही, आणि तिसऱ्या वेळी ती पहिल्यापेक्षा अवघड असते. माणूस दमलेला असतो. जूनमधली टेक्सासची दुपार, तोंडाशी आलेलं लँडिंग दोनदा हुकलेलं, सोबत घरचे लोक, मागे विमानांची रांग, कानात सूचना. आणि हाताने करायचं काम मात्र तितकंच बारीक.

ते काम असं. उतरताना फ्लॅप पूर्ण खाली असतात, वेग कमी असतो, ट्रिम (नाकाचा कल टिकवून धरणारी जुळणी) त्या वेगाला बसवलेली असते. पॉवर लीव्हर पुढे ढकलला की नाक आपोआप वर उठू लागतं आणि डावीकडे ओढलं जातं. ते उजव्या पायाने आणि पुढे दाबून धरावं लागतं, कारण त्या क्षणी विमानाला चढाईआधी वेग हवा असतो. मग फ्लॅप 100 वरून 50 टक्क्यांवर. एसआर-20 च्या हँडबुकात पुढची पायरी वेगाची आहे: 80 नॉटच्या थोडं वर. तो वेग आला आणि खालचे अडथळे मागे पडले की मगच उरलेले फ्लॅप वर. सिरसमध्ये फ्लॅपचा खटका छोटा आहे, तीन जागांचा: 0, 50, 100. बोटाने ढकलला की झालं. जुन्या सेस्नामध्ये हाताने ओढायची दांडी असायची. फ्लॅप सोडताना जोर लागायचा आणि तेवढ्यात विचार करायला वेळ मिळायचा. खटका तो वेळ देत नाही. हे माझं मत आहे, अहवालात असं काही नाही.

फ्लॅप लवकर उचलले तर काय होतं? फ्लॅप पंखाला कमी वेगातही उचल धरायला मदत करतात. ते काढले की विमान ज्या वेगाला स्टॉल होतं तो वेग वर सरकतो. या विमानात पूर्ण खाली आणि पूर्ण वर यांत साधारण आठ-दहा नॉटचा फरक पडतो. म्हणजे आत्ता जो वेग पुरेसा होता, तोच दोन सेकंदांनी अपुरा ठरतो, काटा जागचा हलला नाही तरी. त्यात विमान वळणात असेल तर आणखी भर. 45 अंश कलंडलेल्या, उंची राखून वळणाऱ्या विमानाचा स्टॉलचा वेग सरळ उड्डाणापेक्षा जवळजवळ 19 टक्क्यांनी जास्त असतो, 60 अंशांवर 41 टक्क्यांनी. फ्लॅप गेले, वेग कमी, वळण चालू. तिन्ही एकत्र आले की एक पंख आधी हार मानतो आणि विमान त्या अंगावर उलथतं.

अगदी तसंच घडलं. तिसऱ्या गो-अराउंडमध्ये विमानातल्या नोंदींनुसार पुरेसा वेग येण्याआधी फ्लॅप उचलले गेले. दरम्यान टॉवरवर कंट्रोलर बदलला होता. पहिल्याच्या जागी दुसरा आला होता आणि त्याने याच चढाईच्या वेळी तिला पुढचं क्लिअरन्स दिलं: कुठे वळायचं, कसं यायचं, इतर रहदारीत आपली जागा कुठली, सगळं एका दमात. तिने ते ऐकलं आणि वळण सुरू केलं. विमान स्टॉल झालं, स्पिनमध्ये गेलं, म्हणजे गरगरत खाली आलं, आणि विमानतळाबाहेर एका हार्डवेअरच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीवर पडलं. तिघेही गेले. जमिनीवर कुणाला इजा झाली नाही, हा निव्वळ योगायोग. दुकान उघडं होतं आणि दिवस गुरुवारचा.

सिरसबद्दल ऐकलेला प्रत्येक जण इथे एकच विचारतो: त्याला तर पॅराशूट असतं ना? असतं. आख्खं विमान खाली आणणारं, आणि त्याने अनेक जीव वाचवले आहेत. पण ते उघडायला उंची लागते. कंपनीच्या चाचणीत सरळ उडणाऱ्या विमानाने पॅराशूट उघडेपर्यंत सुमारे 400 फूट गमावले, स्पिनमधून 920 फूट. सर्किटची पूर्ण उंचीच हजार फुटांच्या आसपास असते. गो-अराउंडमधल्या विमानाकडे तेवढीही नसते.

एनटीएसबी ही अमेरिकेची अपघात तपास संस्था. तिने संभाव्य कारण सांगितलं ते पायलटचंच: गो-अराउंडची चुकीची पद्धत, सुरक्षित वेग आल्याची खात्री न करता फ्लॅप उचलणं, त्यातून स्टॉल आणि स्पिन. याला हातभार लावणाऱ्या गोष्टींत मात्र दोन्ही कंट्रोलर आले. पहिल्याने तिला सर्किटमध्येच ठेवायचा निर्णय घेतला. दुसऱ्याने उड्डाणाच्या नाजूक टप्प्यावर गरजेपेक्षा गुंतागुंतीचं क्लिअरन्स दिलं. आणि शेवटी आणखी एक गोष्ट, जी अशा अहवालांत फारशी दिसत नाही: पायलटने ठामपणा दाखवला नाही.

पहिल्या कंट्रोलरबद्दलचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी झाली. पहिल्या गो-अराउंडनंतर तिला टॉवरच्या हद्दीतून बाहेर, अ‍ॅप्रोच कंट्रोलकडे परत पाठवता आलं असतं. तिथे दहा-बारा मैलांवर तिला रांगेत नीट जागा मिळाली असती आणि ती सरळ, लांब फायनलवर पुन्हा आली असती. वीस मिनिटं आणि थोडं इंधन गेलं असतं. त्याऐवजी तिला जवळच ठेवलं, कारण जवळ ठेवणं म्हणजे लवकर उतरवणं असं वाटलं. हेतू चांगलाच होता. लोकांना वाटतं टॉवरने छोट्या विमानाला हाकलून लावलं. घडलं त्याच्या उलट. फटीत बसवून द्यायची त्यांची खटपट चालली होती, आणि प्रत्येक फट आधीच्या फटीपेक्षा अरुंद होती.

आता तो ठामपणा. ‘पायलटने ठामपणा दाखवला नाही’ हे वाचून अनेकांना राग आला, आणि तो मला समजतो. गेलेल्या माणसावर शेवटचा शेराही मारायचा, वर तो स्वभावावर. पण वाक्य खोटं नाही. अमेरिकन नियमांच्या 91.3 या कलमात विमानाचा अंतिम अधिकार पायलटला दिला आहे, टॉवरला नाही. ‘अनेबल’, म्हणजे जमणार नाही, एवढा एक शब्द उच्चारला की कंट्रोलरला दुसरा मार्ग शोधावा लागतो. 35 वर यायचं का, या प्रश्नाला तो शब्द चालला असता. दुसऱ्या हुकलेल्या अ‍ॅप्रोचनंतर चालला असता: मला इथून बाहेर काढा, लांबून परत येते. काही मैलांवर पेअरलँडचं छोटं विमानतळ होतं, तिथे 737 येत नाहीत. हे सगळं खुर्चीत बसून सुचतं, मान्य आहे. पण खुर्चीत बसून सुचलेलंच आधी घोकून ठेवावं लागतं, कारण विमानात नवं काही सुचत नसतं.

माझा आक्षेप एवढाच की हा गुण आपण कुठे शिकवतो? पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्याला शिकवलं जातं की टॉवर सांगेल ते अचूक परत म्हण, चुकू नको, रेडिओ अडवू नको. चांगला विद्यार्थी म्हणजे ज्याचा रीडबॅक झटपट आणि बिनचूक येतो तो. दोन-तीन वर्षं आज्ञापालनाचे गुण द्यायचे आणि अपघातानंतर विचारायचं की ठामपणा कुठे होता. मराठी मुलामुलींच्या बाबतीत हे आणखी खोल आहे. धुळ्याला किंवा बारामतीला शिकणाऱ्या स्टुडंट पायलटला मागे 737 लागण्याचा अनुभव येत नाही. उड्डाणाचे तास भरायला तोच विद्यार्थी टेक्सास, फ्लोरिडा किंवा अ‍ॅरिझोनात जातो तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा अनुभव येतो. तिथला कंट्रोलर भरभर बोलतो, उच्चार अनोळखी, आणि आपल्याकडून ‘से अगेन’ म्हणायलासुद्धा जीभ रेटत नाही. भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात; सर्किटमध्ये तिचं नातं याहून वाईट गोष्टीशी आहे. शंका असताना ‘रॉजर’ म्हणणारे विद्यार्थी मला, शंका विचारून कंट्रोलरला वैताग आणणाऱ्यांपेक्षा, जास्त काळजीत टाकतात.

या प्रकरणातून मी सरावात काय बदललं ते सांगतो. पूर्वी गो-अराउंडचा सराव धावपट्टीवर एकेकदा करून सोडून द्यायचो. आता तो आधी 3,000 फुटांवर करायला लावतो. 2,500 ही ‘जमीन’ धरायची, उतरायच्या वेगाला आणि पूर्ण फ्लॅपवर यायचं, आणि ‘जमिनी’पाशी पोचलं की गो-अराउंड. विद्यार्थ्याने तोंडाने मोठ्याने म्हणायचं: पॉवर, नाक, पन्नास, वेग. वेगाचा आकडा वाचून दाखवल्याशिवाय खटक्याला बोट लावायचं नाही. हे दोन-चारदा जमलं की मी मधेच टॉवर होतो आणि भरगच्च क्लिअरन्स देतो, दिशा, धावपट्टी, पुढची-मागची विमानं, सगळं. बरोबर उत्तर एकच आहे, ‘स्टँडबाय’, किंवा तेही नाही, नुसतं गप्प राहून विमान उडवायचं. पहिल्या खेपेला जवळजवळ प्रत्येक जण काय करतो, तर क्लिअरन्सचा सुरेख, बिनचूक रीडबॅक देतो, आणि तो देता देता त्याचं बोट फ्लॅपचा खटका वर ढकलतं. मी काही न बोलता वेगाच्या काट्याकडे बोट दाखवतो.